जगदाळे बाईंचा डावा हात

खोकं उघडायचं नाही, हा त्या वर्गाचा पहिला नियम होता, आणि जगदाळे बाईंनी तो अकराव्या मिनिटाला मोडला.

जीवशास्त्र शिक्षणाच्या मास्टर्सचा आमचा तो पहिला तास. मिशिगनमधलं एक सरकारी विद्यापीठ, संध्याकाळचे सहा, बाहेर सप्टेंबरचं लख्ख ऊन. डॉ. हार्लन यांनी प्रत्येक टेबलावर चिकटपट्टीने बंद केलेलं बुटांचं एकेक खोकं ठेवलं. हलवा, कलतं करा, कान लावा आणि आत काय असेल ते तर्काने ठरवा, असं त्यांनी सांगितलं. निसर्ग स्वतःचं झाकण काढून दाखवत नाही, म्हणून आपणही हे खोकं कधीच उघडायचं नाही. आज नाही, वर्ष संपल्यावरही नाही. शिक्षकाने उत्तर सांगायचं नसतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या दारावर पाटी होती: ‘सांगू नका. विचारा.’

माझ्या शेजारी पंचेचाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. पाचवारी सुती साडी, वर नवऱ्याचं कार कंपनीचं निळं जाकीट, पायात बर्फाचे बूट. मिशिगनमध्ये बर्फ पडतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कधी पडतं ते सांगितलं नव्हतं. त्यांनी खोकं एकदा हलवलं, एकदा हुंगलं. मग अंबाड्यातला आकडा काढून चिकटपट्टी चिरली, आत पाहिलं आणि उभ्या राहून इंग्रजीत जाहीर केलं, “एक लाकडी गोटी, दोन कागदाच्या पिना, एक बूच. टेक डाउन.”

तीन जणांनी खरंच लिहून घेतलं.

“सुमन,” डॉ. हार्लन हळूच म्हणाले, “पंधरा वर्षांत हे खोकं कुणी उघडलं नव्हतं.”

“पंधरा वर्षं?” बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “पोरांचं काय झालं असेल गं?”

मी मराठी आहे हे त्यांनी कसं ओळखलं, ते मी नंतर विचारलं. “तू हात वर न करताच बोललीस. इकडची पोरं विचार न करता बोलतात, आपल्याकडची परवानगी न घेता.”

मी त्यांना काकू म्हणाले, तर त्या थांबल्या. “काकू नाही. बाई म्हण. कराडजवळच्या शाळेत अठरा वर्षं बाई होते मी. इथे विमानातून उतरले आणि बारा तासांत काकू झाले. आम्ही राहतो त्या नोव्हाय गावातली झाडून सगळी माणसं मला काकू म्हणतात. माझ्यापेक्षा मोठीसुद्धा.”

हे त्या हसत म्हणाल्या, पण सगळी गोष्ट त्यातच होती. जगदाळे काकांना त्यांच्या धाकट्या भावाने अमेरिकेत बोलावून घेतलं. काकांना मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. बाईंची पदवी इथे शिकवायला पुरेशी नव्हती. धाकट्या दिरांचं किराणा मालाचं दुकान होतं आणि गल्ल्यावर घरचं माणूस हवं होतं. बाईंनी मुदत मागून घेतली होती: मास्टर्स आणि शिकवण्याचा परवाना ठरल्या वेळेत मिळाला तर शाळा. एखादं सत्र जरी लांबलं, तरी दुकान. शाळेत बाई, नाहीतर दुकानात काकू.

मी नोव्हायला मावसभावाकडे राहत होते. गाडी नव्हती, म्हणून काका आम्हा दोघींना आठवड्यातून तीनदा विद्यापीठात सोडत आणि तास होईपर्यंत पार्किंगमध्ये रेडिओ ऐकत बसत. त्यांच्या भाषेत इंग्रजी इतकी मुरली होती की मराठी चवीपुरती उरली होती. “अगं, रोड आइसी आहे, आजचा क्लास कॅन्सल कर ना,” ते म्हणत. बाई मागच्या सीटवरून म्हणत, “अहो, अठरा वर्षांत मी पुरालासुद्धा तास बुडवला नाही. चालवा.”

बाईंची श्रद्धा देवावर बेताची आणि आकृतीवर अपार होती. सुबक, नामनिर्देशित आकृती. नावं सगळी उजव्या बाजूला, रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या, पेन्सिलीला टोक असलेलं. “आकृतीशिवाय पूर्ण गुण नाहीत,” हे त्या उत्तरपत्रिकेबद्दलच म्हणत नसत, सगळ्याच बाबतीत म्हणत. त्यांनी मला घराचा पत्ता दिला तोही आकृती काढून: चौक, पेट्रोल पंप, चर्च, आमचं घर, कुत्रा (शेजाऱ्यांचा). माझ्या मावसभावाच्या लग्नाचा अल्बम पाहून म्हणाल्या, “फोटो छान आहेत. कोण कोण आहे ते बाजूला लिहायला हवं होतं. रेघा मारून.”

माझं आणि त्यांचं जमणं अवघड होतं. माझे वडील सांगलीला एका छापखान्यात जुळारी. गावात निघालेल्या प्रत्येक मोर्चाचं पत्रक त्यांच्या हातून गेलेलं. मुलं अंकलिपीवर अक्षरं शिकतात, मी ती पत्रकांवर शिकले. त्यामुळे अन्याय मला दुरून दिसतो आणि उद्गारचिन्ह आवरत नाही. त्या विद्यापीठात अन्याय असा होता की आमचे वर्ग संध्याकाळी सहाला सुरू होत आणि प्रयोगशाळेला सहालाच कुलूप लागे. दिवसभर नोकऱ्या करून येणाऱ्या माणसांनी सूक्ष्मदर्शक बघायचा कधी? मी दोन पानी पत्रक लिहिलं आणि पहिली सही घ्यायला बाईंकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी ते गाडीत परत मिळालं. लाल शाईने. वर लिहिलं होतं: ‘दहापैकी चार. उद्गारचिन्हे अकरा. आकृती नाही.’

“बाई, हे पत्रक आहे! उत्तरपत्रिका नाही!”

“आता तेरा झाली,” बाई म्हणाल्या. “कुलूप कुठे आहे, आपण कुठे आहोत, मधे काय आहे, ते दोन पानं वाचूनही दिसत नाही. तुला राग आलाय एवढंच दिसतं. रागाला मी चार दिले, तेही सढळ हाताने.”

मग त्यांनी पट्टी काढली. हलत्या गाडीत, मांडीवर वही ठेवून, प्रयोगशाळेच्या दाराची आकृती काढली. दाराच्या आत वीस सूक्ष्मदर्शक, बाहेर आम्ही चौदा जण, मधे कुलूप, वर सहा वाजलेलं घड्याळ. नावं उजव्या बाजूला. खाली एकच ओळ: ‘हे कुलूप तीन तास उशिरा लावावे.’ मी मुकाट्याने तेच छापलं. लोकांनी हसत हसत सह्या केल्या. पुढच्या महिन्यापासून प्रयोगशाळा नऊपर्यंत उघडी राहू लागली. माझ्या आयुष्यातलं यशस्वी झालेलं ते पहिलं पत्रक, आणि त्यात माझं वाक्य एकही नाही.

शेवटच्या सत्रात आम्हाला प्रत्यक्ष शिकवायला एका हायस्कुलात पाठवलं. आम्ही दोघी एकाच शाळेत, एकाच वर्गावर, आळीपाळीने तास. बेडकाचं विच्छेदन आलं तेव्हा बाई हरखून गेल्या. एकादशी न चुकवणाऱ्या या बाईंचा बेडकावरचा हात इतका हलका होता की पाहत राहावं. सुरी लावण्याआधी त्या बेडकाला नमस्कार करत. पण इथले बेडूक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन आले. पिशवी फोडून बाईंनी पहिला चिरला आणि किंचाळल्या. आत रोहिण्या लालभडक, नीला निळ्याशार. कंपनीनेच रंग भरून पाठवला होता.

“रंग आधीच भरलाय?” बाईंनी सुरी बाजूला ठेवली. “मग पोरांनी काय करायचं? मेधा, हे गाइड आहे! बेडकाच्या पोटात गाइड छापलंय!”

“बाई, तुम्ही तरी वर्गात काय करता? सगळी उत्तरं सांगूनच टाकता.”

“मी सांगते ते वेगळं. मी माणूस आहे.”

आणि त्या सांगतच असत. हाच त्यांचा खरा घोटाळा होता. प्रश्न विचारून त्या तीन सेकंद थांबत. चौथ्या सेकंदाला त्यांचा चेहरा असा होई, की दूध उतू चाललंय आणि हात बांधलेले आहेत. पाचव्या सेकंदाला उत्तर बाहेर. “तीन कप्पे! टेक डाउन!” डॉ. हार्लन यांनी दोनदा लेखी समज दिली होती. आता ते स्वतः पाठ पाहायला येणार होते आणि त्या पाठावर परवाना अवलंबून होता.

आदल्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी पोचले तर आत तालीम चालली होती. बाई एकेक प्रश्न विचारत होत्या आणि सव्वीसच्या सव्वीस अमेरिकन मुलं हात वर करत होती. सगळी. मागच्या बाकावर टीना नावाची मुलगी बसे; सबंध सत्रात तिने स्वतःचं नावसुद्धा मोठ्याने उच्चारलं नव्हतं. तिचाही हात वर.

गाडीत मी विचारलं, “बाई, हे कसं केलंत?”

“सोपं आहे. उत्तर येत असेल तर उजवा हात. येत नसेल तर डावा. साहेबांना काय दिसतं? सगळा वर्ग हुशार. मी फक्त उजव्यांना उठवते. अठरा वर्षं, अठरा तपासण्या. एक साहेब तर टाळ्या वाजवून गेले.”

मी पेटलेच. “ही फसवणूक आहे, बाई! साहेबाला खूश करायला मुलांना खोटं वागायला शिकवायचं? अशाच शाळांमधून...”

“अगं, तपासणी आहे ती. तपासणीला कोण खरं वागतं? साहेब तरी खरे कुठे असतात? घरी ओरडत असतात, शाळेत गोड बोलतात.”

“मी डॉ. हार्लनना सांगेन.”

“सांग,” बाई म्हणाल्या. “नीट सांग मात्र. आकृती काढून.”

काकांनी आरशातून आम्हा दोघींकडे पाहिलं. “लिसन, मेधा. ही पास झाली नाही तर मे महिन्यापासून गल्ल्यावर. आणि माझ्या ब्रदरचं शॉप म्हणजे... ही गिऱ्हाइकांची स्पेलिंगं तपासेल यार. बिझनेस क्लोज होईल.”

कुणी हसलं नाही.

तपासणीचा दिवस. डॉ. हार्लन मागच्या बाकावर, टीनाच्या शेजारी. मी कपाटाला टेकून. बाई नव्या साडीत. “बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?” सव्वीस हात सर्रकन वर. डॉ. हार्लन यांनी चष्मा काढून पुसला. अमेरिकेतल्या वर्गात एकदम सव्वीस हात त्यांनी आगीच्या घंटेलाही पाहिले नसतील. बाईंनी एका उजव्या हाताला उठवलं. बरोबर. पुढचा प्रश्न, उजवा हात, बरोबर. बाईंना पाचव्या सेकंदाची वेळच येत नव्हती. वीस मिनिटं पाठ लोण्यासारखा चालला. मग डॉ. हार्लन शेजारी वळून प्रेमाने म्हणाले, “हिला विचारू या. काय गं, बेडूक पाण्याखाली श्वास कसा घेतो?”

टीनाचा हात वर होता. डावा.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“मग हात वर कशाला केलास?”

“डावा आहे ना.” हे तिला इतकं उघड वाटत होतं, की तिने तो हलवून दाखवला. “माहीत नसेल तर डावा.”

डॉ. हार्लन यांनी मान उंच करून वर्ग पाहिला. त्यांचे ओठ हलत होते. ते डावे हात मोजत होते. बाईंच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

तास संपला, मुलं गेली. डॉ. हार्लन जवळजवळ धावत पुढे आले. “सुमन! हे विलक्षण आहे! आपल्याला काय येत नाही हे सांगायची मुलांना लाज वाटते. पंधरा वर्षं मी त्यावर उपाय शोधतोय. आणि तुमच्या वर्गात ती मुलगी ताठ मानेने म्हणते, मला माहीत नाही! ही तुमची स्वतःची पद्धत? तुम्ही हे शिक्षकांच्या परिषदेत मांडायलाच हवं.” आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. परवान्याचा कागद टेबलावरच होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी, आदल्या दिवशी गाडीत तत्त्वांचा धबधबा झालेली मी, तोंड उघडलं नाही. इतकंच नाही, मनातल्या मनात म्हणत होते, बाई, हो म्हणा. एकदा हो म्हणा आणि सुटा.

“सर,” बाई म्हणाल्या, “ती पद्धत तुम्हाला फसवण्यासाठी होती.”

डॉ. हार्लन यांना कळलं नाही. तेव्हा बाई फळ्याकडे वळल्या आणि तुटक्या खडूने आकृती काढली. वर्ग. मागे बसलेले साहेब. साहेबांची नजर, तुटक रेघेने. उजवे हात, डावे हात. नावं उजव्या बाजूला, पट्टीने. साहेबांच्या डोक्यावर त्यांनी हॅटही काढली, कारण कराडकडे एक साहेब हॅट घालत.

डॉ. हार्लन यांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले होते की हसू दाबत होते ते मला आजही ठरवता येत नाही. मग म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी. नवा पाठ, तालीम नाही. आणि सबंध तासात तुमच्या तोंडून एकही उत्तर नको. एक जरी आलं, तर पुढचं सत्र.”

पुढचं सत्र म्हणजे दुकान, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलंही नाही.

मी गाडीत म्हणाले, “बाई, तुम्ही कशाला खरं सांगितलंत?”

“का? तूच पेटली होतीस ना काल?” आणि मग जरा वेळाने, “परिषदेत ऐकून शिक्षक आपापल्या पोरांना तेच शिकवणार ना. खोट्यावरून. आकृतीत चूक चालते गं, खोडता येते. पाया चुकला तर काय खोडणार?”

शुक्रवारी सकाळी काकांनी अडकित्त्याने सुपारीचं एक भलं मोठं खांड कातरून बाईंना दिलं. गोट्यांच्या खेळात भाग घ्यावा एवढं. “हे माउथमध्ये ठेव. आन्सर बाहेर येणारच नाही. साइझ टेस्ट केलाय मी.”

विषय होता तळ्यातलं पाणी. टेबलांवर सूक्ष्मदर्शक, काचपट्टीवर एकेक थेंब. मुलं ओरडू लागली, “मिसेस जगदाळे, हे काय आहे? हे पळतंय! याला केस आहेत!” बाई टेबलांमधून फिरत होत्या. एक गाल फुगलेला, कपाळावर घाम. कुणी विचारलं की त्या बोटाने सूक्ष्मदर्शकाकडे खूण करत: पुन्हा बघ. पाचवा सेकंद गेला. दहावा गेला. सुपारीचा कडकड आवाज मला कपाटापर्यंत ऐकू येत होता.

विसाव्या मिनिटाला त्यांना राहवेना. त्या फळ्याकडे गेल्या आणि पॅरामेशियम काढायला लागल्या. डॉ. हार्लन खुर्चीत पुढे सरकले. चपलेच्या तळव्यासारखा आकार, भोवती बारीक केस, आत केंद्रक. मग उजव्या बाजूला पट्टीने रेघा, एकाखाली एक, सहा. आणि तिथे हात थांबला. नावं लिहायची जागा कोरी. अठरा वर्षांत त्यांनी रेघ मारून नाव लिहिलं नाही असं कधी घडलं नसणार. खडू त्या पहिल्या रेघेच्या टोकाशी टेकलेलाच राहिला.

“हे चूक आहे,” मागून आवाज आला.

टीना उभी होती. “माझं असं सरळ नाही. माझं फिरत फिरत जातं. आणि त्याच्या कुशीत एक खळगा आहे, तुम्ही काढलाच नाही.”

अख्खा वर्ग बाईंकडे बघत होता. बाईंनी टीनाकडे पाहिलं, आकृतीकडे पाहिलं, आणि तिच्यापुढे खडू धरला. मी गेलं वर्षभर त्यांच्या आगेमागे होते. त्यांनी आपला खडू दुसऱ्याच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता; मलासुद्धा त्या वेगळा देत. टीनाने खळगा काढला. मग दुसरा एक जण आला, त्याने बाण काढून फिरणं दाखवलं. मग सगळे फळ्याशी. भांडणं, खोडाखोडी. घंटा झाली तरी कुणी हलेना.

डॉ. हार्लन यांनी कागदावर सही केली. बाई खिडकीपाशी गेल्या, रुमालात सुपारी काढली, मोठा श्वास घेतला आणि चाळीस मिनिटांनंतरचं पहिलं वाक्य बोलल्या: “त्यांच्या आकृतीत तीन चुका आहेत, सर. एकही सांगितली नाही मी. हे लिहा तिथे.”

पुढे बाईंना डेट्रॉइटजवळच्याच एका शाळेत नोकरी लागली. दिरांच्या दुकानाला गल्ल्यावर दुसरं माणूस मिळालं. त्यानंतर वर्षभराने मी टेक्सासला शुगर लँडमध्ये शिकवायला जाणार होते. त्याआधी निरोप घ्यायला त्यांच्या शाळेत गेले. तास चालू होता. दाराला काचेची उभी चौकट होती, तिच्यातून आतलं दिसत होतं.

बाई तशाच होत्या. सुती साडी, काकांचं निळं जाकीट. महिना मे, पायात बर्फाचे बूट. गाल फुगलेला. एका मुलीने त्यांना आपल्या सूक्ष्मदर्शकाकडे बोलावलं. बाई वाकल्या, एक डोळा मिटून आत पाहिलं. स्क्रू फिरवला, पुन्हा पाहिलं. मुलगी काहीतरी विचारत होती. बाईंना मी इतका वेळ गप्प फक्त त्या एका शुक्रवारी पाहिलं होतं, पण तेव्हा चेहऱ्यावर उतू जाणारं दूध होतं. आज ते नव्हतं. त्या नुसत्या बघत होत्या, भुवया उंचावून.

मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. डावा.

वर्ग क्षणभर गोंधळला. मग खुर्च्या सरकल्या आणि सगळी मुलं त्या एका सूक्ष्मदर्शकाभोवती धावली. मी काचेवर टकटक केली. बाईंनी मला पाहिलं, आणि डावा हात तसाच वर ठेवून उजव्या हाताने खूण केली: थांब, तास चालू आहे.